दोन डावी पावलं

कुणी बघत असलं की माझे हात थरथरतात. हे लहानपणापासूनचं आहे. हुपरीच्या शाळेत गुरुजींनी गणित सोडवायला उभं केलं की खडू फळ्यावर टकटक वाजायचा आणि मागं पोरं हसायची. सातवीत असताना वडिलांची नजर कमी झाली. घरात चांदीच्या कामाला बसायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली. सगळे हळहळले. मी मात्र, खरं सांगतो, मनातून सुटलो होतो. पैंजणाला घुंगरू जोडताना कुणी मागं उभं राहून बघत नाही. दिव्याच्या ज्योतीसमोर एकट्यानं करायचं काम ते. तिथं माझे हात स्थिर असायचे. लिहायचा मला सराव नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ते सांगायला मोठे शब्द लागतील असंही वाटत नाही.

आमच्याकडं यंत्रं आली आणि हातानं जोडणाऱ्याला काम कमी झालं. ओळखीच्या एकानं सांगितलं की खामगावला देवाच्या चांदीचं काम निघतं, तिथं अजून हाताला विचारतात. बायको आणि चार वर्षांची पोर गावी ठेवून मी एकटा इकडं आलो. ते घर आणि हे दुकान यांच्यामध्ये एक अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. खामगाव चांदीचं गाव. महाराजांची समाधी असलेलं शेगाव इथून जवळ, त्यामुळं पादुका, छत्रं, आणि नवसाच्या वस्तू सारख्या लागतात: चांदीचे डोळे, चांदीचा हात, चांदीचा पाय, पाळणा. ज्याचं जे दुखणं बरं झालं, त्यानं ते चांदीचं करून देवापुढं ठेवायचं.

ज्या दुकानात मी लागलो तिथं एक अडचण होती. कारागिरांची बैठक गल्ल्याच्या मागं उघड्यावरच होती. गिऱ्हाईक समोर उभं राहून आमचे हात बघायचं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून हातोडी दोनदा निसटली. शेठनं काही बोलून न दाखवता मला मागच्या दाराशी धुलाई आणि पॉलिशला बसवलं. दोन वर्षं मी दुसऱ्यांनी केलेले देव चकचकीत करत बसलो. पोर तिकडं सहा वर्षांची होत आली. व्हिडिओ कॉलवर तिचे पुढचे दोन दात पडलेले दिसले, ते कधी पडले ते मला कुणी सांगितलंही नव्हतं.

या दोन वर्षांत मला दोघांनी सांभाळलं. एक रहीमचाचा. दुकानातले सगळ्यांत जुने कारागीर. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एके दिवशी माझ्याकडं बघून ते म्हणाले, "हात नाही थरथरत बे तुहा. मन थरथरते. हात तं बिचारा नोकर हाये, मालक जसा तसा तो." मग त्यांनी मला एक शिस्त लावली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचं, बैठकीवर बसायचं, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायचे आणि शंभर श्वास मोजायचे. हातोडी नंतर. प्रत्येक ठोक्याला एक नाव घ्यायचं. "तू तुह्या महाराजाचं घे, मी माह्या मालकाचं घेतो. पत्र्याले काही फरक पडत नाही." रोज संध्याकाळी पितळेचा एक तुकडा देऊन ते माझ्याकडून उठावाचं काम करून घ्यायचे, आणि मुद्दाम माझ्या समोर बसून, डोळे न मिटता बघत राहायचे.

दुसरी माझी बायको, सरिता. रोज सात वाजता तिचा फोन. सुरुवातीला मी फोनवर नुसता कण्हत असायचो. खोलीत उकडतंय, डाळ पातळ, शेठ बोलला, शेठ बोलला नाही. एक दिवस ती म्हणाली, "अवो, रडगाणं असलं तर ते एक दिवसाआड गा. पण एक हसायची गोष्ट मात्र रोज सांगायची. नसली तर फोन ठेवते बघा." आणि तिनं खरंच दोनदा ठेवला. मग काय करणार? दिवसभर मी हसायची गोष्ट शोधत फिरायला लागलो. चहावाल्याची बकरी दुकानात शिरली, शेठचा पायजमा दाराच्या खिळ्यात अडकला, चाचांनी चष्मा कपाळावर ठेवून तासभर चष्मा शोधला. सुरुवातीला मला हा जुलूम वाटायचा. पण जो माणूस संध्याकाळसाठी रोज एक हसू राखून ठेवतो, त्याचा दिवस पूर्ण काळा होतच नाही. आशा ठेवायची म्हणजे काय करायचं, हे मला कुठल्या प्रवचनात कळलं नाही. ते सरितानं फोनवर शिकवलं.

महाराजांचं म्हणाल तर त्यांची आणि माझी तेव्हा ओळख नव्हती. आमचा घरचा देव जोतिबा. इकडं गल्लीगल्लीत महाराजांचे फोटो, गुरुवारी सगळं गाव शेगावकडं तोंड करून असल्यासारखं. मी पादुका पॉलिश करायचो, कपाळाला लावायचो, पण काही मागायचो नाही. ओळख नसताना मागायचं कसं, असं वाटायचं. परक्या गावात माणसाला संकोच होतो, तसा मला देवाचाही व्हायचा.

यंदा उन्हाळ्यात उंद्रीहून कमलबाई आल्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरी असतात. त्यांच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे, अकरा जणींचं. गल्लीतल्या छोट्या देवळात ठेवायला त्यांना महाराजांच्या पादुका करायच्या होत्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत जोडवी, तुटलेलं पैंजण, बाळाचा करदोटा, कुंकवाच्या करंड्याचं झाकण. प्रत्येकीनं घरातलं काहीतरी काढून दिलेलं. "हेच आटवा," त्या म्हणाल्या. "दुकानातली चांदी नको. आमच्या सगळ्याईच्या पायातलं त्याईच्या पायात जाऊ द्या." गुरुवारी जीप करून सगळ्या जणी येणार, पादुका शेगावला नेणार, समाधीला लावणार आणि उंद्रीला वाजतगाजत आणणार, असं ठरलं.

शेठ कामं वाटत होते. चाचा मध्येच म्हणाले, "हे काम या पोट्ट्याले द्या." शेठनं माझ्याकडं बघितलं, मग चाचांकडं. मग म्हणाले, "ठीक. पादुका नीट उतरल्या तं तुले बैठकीवर कायम बसवतो. मागची खोली रिकामीच हाये, जूनमदी बायको-पोरीले घेऊन ये. नाही तं पॉलिश हायेच." त्या रात्री सरिताला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसायची गोष्ट मागायला विसरली. पोरगी मागून ओरडत होती, "तिकडं शाळा हाय का? तिकडं शाळा हाय का?"

उठावाचं काम थोडं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. पत्रा मऊ केलेल्या राळेवर पालथा चिकटवतात आणि पाठीमागून ठोकतात, म्हणजे पुढून आकार वर येतो. पाठीमागून काम असल्यामुळं सगळं उलटं होतं. पत्र्याच्या पाठीवर उजवं पाऊल काढलं की पुढून डावं उमटतं. कागदाचा नमुना एकच असतो. एका पावलाला तो सुलटा ठेवायचा, दुसऱ्याला उलटा. एवढंच लक्षात ठेवायचं.

पहिलं पाऊल छान उतरलं. शंभर श्वास, मग हातोडी, ठोक्याला नाव. गिऱ्हाइकं येत होती, बघत होती, आणि माझा हात नांगरासारखा सरळ चालला होता. शेठनं ते मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवलं. दोन दिवसांनी दुसरं घेतलं. नमुना उलटा करून पत्र्यावर ठेवला. बरोबर होतं. पण माझा स्वभाव असा की दाराची कडी मी तीनदा बघतो, गॅस चारदा बघतो. मनात आलं, नक्की उलटा केला ना? की आधीच उलटा होता आणि आता मी सुलटा केला? म्हणून पुन्हा फिरवला. पुन्हा शंका, पुन्हा फिरवला. आणि शेवटी एकदा आणखी, अगदी खात्रीसाठी. तिथंच घात झाला. निष्काळजीपणानं लोक चुकतात. मी काळजीनं चुकलो.

बुधवारी दुपारी दुसरं पाऊलही पॉलिश झालं. शेठ नात्यातल्या लग्नाला अकोल्याला गेले होते, गुरुवारी सकाळी येणार होते. चाचांनी कपाटातलं पहिलं पाऊल काढलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"बेटा," ते म्हणाले, "तुह्या महाराजाले लंगडी खेळवतं का?"

दोन्ही डावी होती. दोन्ही अंगठे एकाच बाजूला. सुंदर, एकसारखी, बोटांची नखंसुद्धा एकसारखी. एक पाऊल आटवून पत्रा पुन्हा ओढायचा, पुन्हा ठोकायचा, तर दोन दिवस हवेत. आणि दुसरी चांदी वापरता येत नव्हती, त्या अकरा जणींच्या पायातलीच हवी होती. चाचा म्हणाले, "मी सांगतो माह्याच्यानं झालं. बुड्ढा हाव, चालून जाईन." मी नको म्हणालो. एवढं तरी माझं मला बोलू द्या, म्हणालो.

संध्याकाळी सातला फोन आला. माझ्याकडं हसायची गोष्ट नव्हती. आज काही नाही, म्हणालो. सरिता म्हणाली, "असू दे. आज माफ. उद्या दोन सांगायच्या." तिनं कारण विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मी बॅग भरली. ठरवूनच टाकलं की सकाळी उठायचं आणि गाडी धरायची. अकरा बायकांच्या समोर उभं राहून ते सांगायचं माझ्यात बळ नव्हतं. फळ्यासमोरचा तो पोरगा माझ्या आत अजून तसाच उभा होता, खडू धरून.

पाचला जाग आली. दोन वर्षांच्या सवयीनं येतेच. आंघोळ केली, खोली झाडली, बॅग खांद्याला लावली आणि निघालो. डोक्यात गाडीच्या वेळा होत्या. खरंच सांगतो, मी काही विचार केला नाही, धीर केला नाही, देवाचं नावही घेतलं नाही. वर बघितलं तर मी दुकानासमोर उभा होतो. दोन वर्षं रोज त्या वेळी पाय ज्या वाटेनं गेले होते त्याच वाटेनं ते मला घेऊन आले होते. पुढं मी यावर पुष्कळ विचार केला. शिस्त म्हणजे मन घट्ट करणं, असं मी समजत होतो. पण ज्या दिवशी मन पार सैल झालेलं असतं त्या दिवशी आपल्याला उचलून नेते ती शिस्त. मी पळून जाणारच होतो. माझ्या पायांना ते माहीत नव्हतं, एवढंच.

चाचा ओट्यावर बसलेले होते. इतक्या लवकर ते कधी येत नसत. माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडं त्यांनी बघितलं. आत गेल्यावर ती बॅग घेतली, माझ्या बैठकीखाली सारली आणि म्हणाले, "उंच झालं. आता नीट बसता येईन." मी हात उताणे ठेवून शंभर श्वास मोजले. त्या दिवशी पहिल्यांदा महाराजांना एक वाक्य बोललो. मागितलं नाही. म्हणालो, माझ्याच्यानं जेवढं होतं तेवढं करून झालं, आता तुमच्या पादुका तुम्ही बघा.

दहा वाजता जीप आली. अकरा जणी, नऊवारी, पाचवारी, कपाळभर कुंकू, हातात टाळ. दुकान भरून गेलं. मी उठून उभा राहिलो, दोन्ही पावलं लाल कापडावर मांडली आणि सांगितलं. एक उजवं करायचं होतं, दोन्ही डावी झाली, चूक माझी, चाचांची नाही, शेठची नाही.

मग मागून वत्सलाबाई नावाच्या एक जाड्याशा बाई पुढं आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "मायबाई! आमच्या घरच्याचेबी संध्याकाळी दोन्ही पाय डावेच पडतेत!"

चार-पाच जणी हसल्या. एक जण चिडून म्हणाली, "हसता काऊन वं? गावात सांगून आलो आपण. रांगोळ्या काढून ठेवल्या पोट्ट्याईनं. शेठले बोलवा." कमलबाई हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. त्यांनी एक पाऊल उचलून हातात घेतलं. बोटानं त्याची टाच पुसत राहिल्या.

"आमची सगळ्याईची चांदी यातच हाये ना? काही इकडंतिकडं नाही झाली?"

"नाही मावशी. सगळी यातच आहे."

"मंग रडतो काऊन?" त्या म्हणाल्या. पण त्यांचाही चेहरा उतरलेला होता, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात बायकांच्या मागून एक माणूस आत यायला वाट काढू लागला. धूळ भरलेली चप्पल, हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताला आठ-नऊ वर्षांची मुलगी. बीबी नावाच्या गावाहून पहाटेच्या एसटीनं निघाले होते, शेगावला चालले होते. एवढी गर्दी बघून तो बावरला. दुकानात वाट बघावी की जावं, असं त्याचं झालं. चाचांनी विचारलं, "काय पाहिजे भाऊ?"

"पाय पाहिजे होता," तो म्हणाला. "नवसाचा. डावा."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. वत्सलाबाई म्हणाल्या, "काय म्हणे?"

आपण काही चुकीचं बोललो की काय असं वाटून तो घाईनं सांगायला लागला. मोटरसायकलवर ही मागं बसली होती, लेकराचा पाय चाकात गेला. डॉक्टर म्हणाले होते, चालंल का नाही सांगता येत नाही. वर्ष गेलं त्यात. म्या बोललो होतो महाराजाला, लेकरू चाललं तर त्याच्या पावलाएवढं पाऊल घालीन. चार दुकानं फिरलो, समदीकडं बोटाएवढे पाय हायेत. एवढं मोठं तयार कुणाकडं न्हाई. "आज गुरुवार हाय," तो म्हणाला. "लेकरू आज पहिल्यांदा एसटीत पायऱ्या चढून गेलं."

मुलीला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिची नजर लाल कापडावर होती. तिनं डाव्या पायातली चप्पल काढली. घोट्यापासून बोटांपर्यंत पांढरट व्रण होते. चाचांनी गल्ल्यासमोर जमिनीवर कापड पसरलं, मी त्यावर एक पाऊल ठेवलं, आणि तिनं त्याच्या शेजारी आपलं पाऊल ठेवलं. अंगठ्याला अंगठा, टाचेला टाच. बोटभरही फरक नव्हता.

माप जुळलं हा योगायोग असेल. पादुका एवढ्याच मापाच्या करतात, आणि त्या वयाच्या मुलीचं पाऊल तेवढंच असतं. मला त्यावर वाद घालायचा नाही. मला फक्त एक गोष्ट नीट आठवते. मी खाली वाकून ते पाऊल तिच्या पावलाशी जुळवत होतो तेव्हा अकरा बायका, तो बाप, चाचा, सगळे माझ्या हातांकडं बघत होते. आणि माझे हात थरथरत नव्हते.

कमलबाई खाली बसल्या. मुलीच्या पायावरून त्यांनी हात फिरवला. "नाव काय तुहं?"

"पूजा."

"पूजा, हे पाऊल तुहं हाये. आमी अकरा जणींनी जोडवे देऊन तुह्यासाठी करून ठेवलं होतं, आमालेच मालूम नव्हतं." मग बापाकडं वळून म्हणाल्या, "घेऊन जाय भाऊ. महाराजांनी मागवलं ते तुह्यासाठी."

तो कबूलच होईना. फुकट कसं घेऊ, नवस माझा हाय, म्हणायला लागला. पिशवीतून त्यानं एक पुडी काढली. त्यात पूजाचे वाळे होते, ती रांगत असतानाचे, आणि तिच्या आईचे जुने पैंजण. हेच आटवून पाऊल करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. कमलबाईंनी ते वाळे हातात घेऊन वाजवले. आतला खडा अजून वाजत होता. "मंग झालंच की," त्या म्हणाल्या. "हे आमच्या उजव्या पावलाले घ्या. आमचं तुह्याकडं, तुहं आमच्याकडं."

"पण आज पादुका?" मघाची चिडलेली बाई म्हणाली.

"आज डावं नेऊ. पुढच्या गुरुवारी उजवं." कमलबाई उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माणूस चालते तं एका वेळी एकच पाऊल टाकते ना वं? दोन्ही एकदम उचलले तं पडनच."

आणि मग वत्सलाबाईंनी टाळ वाजवले. कशासाठी वाजवले कोण जाणे, पण वाजवले, आणि सगळ्या जणी दुकानातच भजन म्हणायला लागल्या. शेजारचे दुकानदार डोकावले. चहावाला आला, त्याच्यामागं बकरी आली. शेठ अकोल्याहून थेट आले ते याच गोंधळात, खांद्यावर लग्नातला टॉवेल. त्यांना वाटलं दुकानात काही भांडण झालं. चाचांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. शेठ माझ्याजवळ आले. मी मान खाली घातली.

कमलबाई मध्ये पडल्या. "शेठ, उजवं पाऊल याच पोट्ट्यानं करायचं. दुसऱ्याचा हात लागला तं आमी घेणार नाही."

"अन यानं पुन्हा डावंच केलं तं?" शेठ म्हणाले.

"तं महाराज आणखी एक पोट्टी पाठवतीन."

शेठ हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं. पूजाची चांदी उजव्या पावलाला थोडी कमी पडणार होती, ती त्यांनी दुकानातली नाही, आपल्या घरची घातली. मला म्हणाले, "जाय यांच्यासंग शेगावले. कारागिरानं आपलं काम पायाशी पोचवावं."

जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो. पूजा माझ्या मांडीवर, पाऊल तिच्या मांडीवर. शेगावला रांगेत ती सगळ्यांच्या पुढं चालत होती, थोडी लंगडत, पण चालत. सेवेकरी हात जोडून म्हणायचे, "चला माउली, पुढं चला माउली," आणि ती मागं वळून बापाला विचारायची, "मला म्हणतेत का?" समाधीसमोर मी डोकं टेकलं. मागायची सवय तेव्हाही नव्हती. मी फक्त ओळख करून दिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, हुपरीचा म्हणून. घरी कोण कोण आहे ते सांगितलं. दोन वर्षं इथं राहूनही ती ओळख राहूनच गेली होती.

संध्याकाळी सातला सरिताचा फोन आला. "दोन," ती म्हणाली, एवढंच. मी म्हणालो, पहिली गोष्ट, मी महाराजांना दोन डावे पाय केले. ती इतकी हसली की फोन पडल्याचा आवाज आला. मग मी दुसरी सांगितली. दुसरी ऐकताना ती हसली नाही. नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "ही रोजच्यातली नव्हे. ही ठेवून देऊ."

उजवं पाऊल मी सोमवारी घेतलं. शंभर श्वास. मग नमुना उलटा केला, पत्र्यावर ठेवला. मन म्हणालं, नक्की? चाचा समोर बसून बघत होते. हात नमुन्याकडं गेला आणि मी तो मागं घेतला. एकदा केलं, आता झालं. ठोका घेतला, नाव घेतलं. समर्पण हा शब्द मी देवळात बऱ्याचदा ऐकला होता, तो मला फार मोठ्या माणसांचा वाटायचा. माझ्यापुरतं समर्पण एवढंच निघालं: आपलं काम मन लावून करायचं, आणि मग दुसऱ्यांदा कागद उलटायचा नाही.

गुरुवारी उंद्रीच्या बाया उजवं पाऊल घेऊन गेल्या. आता त्या पादुकांमध्ये एक पाऊल अकरा जणींच्या जोडव्यांचं आहे आणि एक पूजाच्या वाळ्यांचं. माझ्या चुकीशिवाय ते तसं झालं नसतं. हे मी स्वतःला मोठं करायला म्हणत नाही. चूक ती चूकच. पण माझ्या चुकीलाही कुणीतरी कामाला लावलं, ही गोष्ट मी विसरत नाही. आता कडी मी एकदाच बघतो. कधी कधी दोनदा. तीनदा नाही.

जूनमध्ये त्या दोघी आल्या. मी शेगाव स्टेशनवर पहाटेपासून उभा होतो. गाडी थांबली, सरिता उतरली, डोक्यावर गाठोडं, आणि तिच्यामागून पोरगी उडी मारून फलाटावर. नवे बूट. मी बघितलं तर डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात. मी तिथंच हसायला लागलो, लोक बघत होते तरी.

"अवो, हसताय काय," सरिता म्हणाली. "तीनदा सांगितलं गाडीत, ऐकंना. म्हणते मीच घालणार."

मी खाली बसलो, बुटाच्या पट्ट्याला हात लावला. पोरीनं पाय मागं घेतला. "असू दे पप्पा. मला चालता येतंय." आणि माझं बोट धरून पुढं निघाली सुद्धा, बुटांची तोंडं दोन दिशांना, चाल मात्र सरळ.

तिच्या मुठीत माझा हात होता. तो थरथरत होता, चांगलाच. तिनं तो आणखी घट्ट धरला. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली नाही.